एसीएलच्या ऑपरेशननंतर संशोधन प्रकल्पातली फिजिओथेरपी : कशी आहे, कुणी घ्यावी

या सेवेची कुठे पाटी नाही, जाहिरात नाही. एका विद्यापीठाच्या फिजिओथेरपी विभागात एक संशोधिका एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांना जोडून ठेवणाऱ्या एका लिगामेंटच्या, ऑपरेशननंतरच्या व्यायामांवर पीएच.डी. करतायत. त्यांना तीन वर्षांची फेलोशिप आहे आणि सोबत प्रकल्पासाठी थोडा निधी. जे रुग्ण या अभ्यासात नाव नोंदवतात त्यांचं ऑपरेशननंतरचं सगळं रिहॅब, म्हणजे पाय पूर्ववत करण्याचे व्यायाम-उपचार, तिथेच होतं. फी लागत नाही. त्या बदल्यात ठरलेल्या वेळी जाऊन गुडघ्याची मोजमापं द्यायची. मी वर्षभर ही सेवा घेतली. विभागाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अभ्यास अजून चालू आहे आणि मोजमापं घेणाऱ्या व्यक्तीला अभ्यासातल्या दोन गटांपैकी कोण कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये. मला मात्र सगळं मोकळेपणाने लिहायचंय.

मी शाळेत खेळ शिकवते आणि स्वतः व्हॉलीबॉल खेळते. स्मॅश मारून खाली येताना गुडघा आत वळला आणि लिगामेंट तुटलं. कुणाचा धक्का लागला नव्हता. एसीएलच्या बऱ्याचशा दुखापती अशाच होतात, उडीवरून उतरताना किंवा पळता पळता दिशा बदलताना. हे लिगामेंट गुडघ्याच्या आत मधोमध असतं आणि नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. ते तुटलं की बऱ्याच जणांचा गुडघा वळताना दगा देतो. माझ्या मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी त्याचा ग्राफ्ट बसवला.

ऑपरेशनच्या आधी मी आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे एक छापील कागद हातात पडला. दुसऱ्या आठवड्यात हे, सहाव्या आठवड्यात ते, बाराव्या आठवड्यात जॉगिंग, सहा महिन्यांनी खेळायला मोकळी. पायात ताकद किती आली हे कोण आणि कसं बघणार, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती. विचारलं तर "सहा महिने झाले की सगळ्यांचं बरं होतं" असं उत्तर आलं. हे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळतं, म्हणून लिहितेय.

विद्यापीठाच्या विभागात पहिल्या भेटीलाच संशोधिका मॅडमनी विचारलं, "ऑपरेशन करायचं तुमचं नक्की ठरलंय का?" मी चकित झाले. ऑपरेशन झालेले रुग्ण मिळाले तरच त्यांचा अभ्यास पुढे सरकणार, आणि त्या मला पर्याय समजावत होत्या. २०१० साली स्वीडनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२१ तरुण, धडधाकट लोकांचे दोन गट केले होते. एका गटाचं ऑपरेशन लगेच केलं. दुसऱ्याला आधी व्यायाम दिले आणि गरज पडली तर ऑपरेशन नंतर. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत म्हणावा असा फरक नव्हता. मला उड्या मारायच्या खेळात परत जायचं होतं, व्यायाम करूनही गुडघा दगा देत होता, म्हणून मी ऑपरेशनच निवडलं. पण ही माहिती त्यांनी आपणहून दिली आणि माझा विश्वास तिथेच बसला.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "तुझ्यावर प्रयोग करणार का?" अशी धास्ती अनेकांना वाटत असणार. संमतीपत्र त्यांनी घरी न्यायला दिलं, शांतपणे वाचायला वेळ दिला, कधीही बाहेर पडता येईल हे तोंडीही सांगितलं. गट दोन होते. एका गटात व्यायाम आठवड्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे जातात. दुसऱ्यात पुढचा टप्पा तेव्हाच सुरू होतो जेव्हा आधीच्या टप्प्याचे निकष पुरे होतात. सूज, हालचाल, ताकद, तोल, सगळं मोजून. कोण कुठे जाणार हे सीलबंद पाकिटातून निघालं. फिजिओ तेच, यंत्रं तीच, देखरेखीचा वेळही तेवढाच. मी दुसऱ्या गटात आले.

या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ऑपरेशनच्या आधीच घडते. माझ्या चांगल्या पायाची ताकद त्यांनी तेव्हाच मोजून ठेवली. कारण समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर पटलं. खेळायला सोडताना सर्वसाधारण रीत अशी की, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के झाली की पास. पण या सगळ्या महिन्यांत तुम्ही पळत नाही, उड्या मारत नाही, म्हणजे चांगला पायही ढिला पडतो. त्या ढिल्या पायाशी तुलना करून ९० टक्के आले तर त्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? २०१७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ७० खेळाडूंवर हेच तपासलं होतं. नेहमीच्या पद्धतीने ५७ टक्के खेळाडू पास झाले. ऑपरेशनच्या आधी मोजलेल्या चांगल्या पायाशी तुलना केली तेव्हा जेमतेम २९ टक्केच त्या रेषेपर्यंत पोचले.

माझं उदाहरण सांगते. सहा महिन्यांच्या चाचणीत माझा दुखरा पाय त्या दिवसाच्या चांगल्या पायाच्या ९१ टक्के होता. छापील कागदवाल्या ठिकाणी मला पेढे वाटायला सांगितलं असतं. आधीच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर ७९. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले आणि म्हणाल्या, "उडीवरून उतरताना तुमच्या गुडघ्याला हा दुसरा आकडा लागतो."

आता चाचणीबद्दल. आयसोकायनेटिक डायनॅमोमीटर नावाचं यंत्र आहे. खुर्चीत बसवतात, छातीवर, कमरेवर आणि मांडीवर पट्टे आवळतात, नडगीला घोट्याच्या जरा वर गादीदार पट्टा बांधतात. मग पाय झटक्यात सरळ करायचा. कितीही जोर लावा, यंत्राचा दांडा एकाच ठरलेल्या वेगाने फिरतो, सेकंदाला ६० अंश, त्यामुळे सगळा जोर स्क्रीनवर रेघ होऊन उमटतो. चांगल्या पायाची रेघ घुमटासारखी गुळगुळीत वर जाऊन खाली येते. माझ्या दुखऱ्या पायाच्या रेघेत सुरुवातीला मधोमध खळगा पडायचा. पाय अर्धा सरळ होता होता स्नायू क्षणभर सोडून द्यायचा. मला जाणवतसुद्धा नव्हतं. मी तर पूर्ण जोर लावत होते. चाचणी घेणारी मुलगी मोठ्याने "लावा, लावा, अजून, सोडू नका" म्हणत राहते, आणि ती हे दर वेळी त्याच शब्दांत, त्याच आवाजात म्हणते. प्रोत्साहन कमी-जास्त झालं तरी आकडा बदलतो, म्हणून तेही ठरवून दिलंय. अशी शिस्त मला फार आवडली. खेळ शिकवणाऱ्या माणसाला अशा गोष्टीची किंमत कळते.

तो खळगा कशामुळे, हेही तिथेच कळलं. गुडघ्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मज्जारज्जूतूनच आवर घातला जातो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात सलाइन टोचून पाहिलंय, दुखापत नसतानाही त्याचा स्नायू मंदावतो. म्हणजे पेशंट आळशी आहे, घाबरतोय, मनापासून करत नाही, असं जे सर्रास म्हटलं जातं त्यात तथ्य नाही. मन लावलं तरी आज्ञा पूर्ण पोचत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांत मांडीला पॅड लावून विजेच्या झटक्यांनी स्नायू आकसवतात आणि त्याच वेळी आपणही जोर लावायचा. सुखद नाही, पण मला त्याचा उपयोग झाला.

सूज रोज बघायची पद्धत इतकी साधी आहे की ती प्रत्येक फिजिओने वापरायला हवी. पाय सरळ ठेवून झोपायचं. फिजिओ वाटीच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर मांडीकडे दोन-तीनदा फिरवते, तिथलं पाणी वर ढकललं जातं. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवते आणि आतल्या बाजूच्या खोलगट जागेकडे बघते. तिथे कातडीखाली छोटी लाट परत आली तर पाणी आहे. आपसूकच भरून आलं तर जास्त आहे. आदल्या व्यायामानंतर ही श्रेणी वाढली असेल तर त्या दिवशी वजन कमी, उड्या बंद. माझ्या बाबतीत असं झालं तेव्हा मी हट्ट केला होता, पण फिजिओ अजिबात बधली नाही. त्यासाठी तिला पूर्ण मार्क.

सुरुवातीच्या काळात त्यांचा दुसरा आग्रह गुडघा पूर्ण सरळ होण्याचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा अधांतरी, दिवसातून बऱ्याचदा. कंटाळवाणं काम. पण दोन-चार अंश जरी राहून गेले तरी चाल लंगडी होते आणि क्वाड्रिसेप्स नीट उठत नाही. १९९० पर्यंत बऱ्याच ठिकाणी याच ऑपरेशननंतर पाय प्लास्टरमध्ये किंवा ब्रेसमध्ये आठवडेच्या आठवडे जखडून ठेवत. त्या वर्षी शेलबोर्न आणि निट्झ या अमेरिकी संशोधकांनी लवकर सरळ करणं, लवकर वजन टाकणं याचे अनुभव प्रसिद्ध केले आणि हळूहळू रीत पालटली. तेही सुचलं कसं, तर सांगितलेल्या बंधनांना न जुमानता पाय वापरणाऱ्या पेशंटांचे गुडघे बरे दिसत होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

मधल्या महिन्यांत जड वजन पेलवत नाही तेव्हा मांडीला पट्टा आवळून, रक्तपुरवठा काही प्रमाणात रोखून, हलक्या वजनावर व्यायाम घेतात. ३० वेळा, मग १५-१५-१५. मांडी पेटते. पट्ट्याचा दाब प्रत्येकाचा वेगळा, तो डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजून ठरवतात. हे घरी दोरी बांधून करायची गोष्ट नाही. लेग प्रेस, स्क्वॉट, तोल, पुढे पळणं, उड्या हे सगळं पुढे रीतसर आलं.

दुसरा-तिसरा महिना फसवा असतो. दुखणं संपलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, जिने चढता येतात. आणि नेमका साधारण त्याच सुमारास ग्राफ्ट कमजोर असतो. हाडात बसवलेला टेंडन आधी आपला रक्तपुरवठा गमावतो, मग त्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू जाऊन नवे येतात, आणि लिगामेंटसारखं व्हायला त्याला वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं. हे चित्र काढून समजावलं म्हणून मी शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन बाजूला उभी राहू शकले. नुसतं "पळू नका" म्हटलं असतं तर राहिले नसते.

नऊ महिन्यांच्या आत खेळायला सोडणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. त्यामागचा आकडा माझ्या मनात कोरला गेलाय. अमेरिकेतलं डेलावेअर आणि नॉर्वेतलं ऑस्लो इथल्या संशोधकांनी मिळून १०६ जणांचा दोन वर्षं, दर महिन्याला मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. परतण्याच्या चाचण्या पास न होताच खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पास होऊन गेलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्क्यांना. माझ्या शाळेतल्या मुलींच्या आई-वडिलांना मी आता हेच सांगते. पंचविशीच्या आतले जे खेळात परत जातात, त्यांच्यातल्या साधारण चारात एकाचं त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंट पुन्हा जातं. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

मनाच्या तयारीचंही मोजमाप आहे, १२ प्रश्नांचं. खेळताना गुडघ्याची भीती वाटते का, पुन्हा ऑपरेशनला सामोरं जावं लागेल या विचाराने पाय मागे येतो का, अशा स्वरूपाचे. माझी ताकद भरून आली तरी हा आकडा खाली होता. तेव्हा त्यांनी नेटजवळ उडी मारून दोन्ही पायांवर उतरणं, मग समोर ब्लॉकला माणूस उभा करून तेच, मग चेंडू कुठे येणार हे न सांगता तेच, असा चढता क्रम लावला. ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण ६५ टक्केच आपल्या जुन्या पातळीवर खेळायला पोचतात, असं २०१४ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. गुडघा बरा होऊनही मागे राहिलेल्यांत भीती हे मोठं कारण असतं. नुसत्या ताकदीवर पास करणाऱ्या ठिकाणी हा भाग राहूनच जातो.

आता जे खटकलं ते. मोजमापाचं यंत्र एकच, त्यामुळे वेळ मिळते ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. प्रश्नावल्या फार. त्यातली एकच ४२ प्रश्नांची, आणि ती दर चाचणीला. काही प्रश्न दुसऱ्या प्रश्नावलीत जवळपास तसेच परत येतात. दमून घाम पुसताना शेवटच्या पानावर मी कशीबशी खुणा करत होते, आणि इतरही तेच करत असतील तर त्या माहितीचा दर्जा काय राहणार? हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रश्नावल्या व्यायामाच्या आधी घ्यायला सुरुवात केली.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती त्यांच्याबद्दल नाही, निधी ज्या पद्धतीने दिला जातो त्याबद्दल आहे. येण्या-जाण्याचा खर्च निधीत धरलेला नाही. माझ्यासोबत सुरुवात केलेले रोजंदारीवरचे एक गृहस्थ चौथ्या महिन्यात यायचे बंद झाले. गुडघा चांगला सुधारत होता, पण प्रत्येक फेरीला मजुरी बुडायची. असे लोक गळत गेले तर शेवटी अभ्यासात उरतात ते ज्यांना परवडतं ते, आणि निष्कर्षही त्यांचेच निघतात. प्रवासाचा खर्च ही सोय म्हणून नाही, संशोधनाच्या खरेपणासाठी द्यायला हवा.

आणि मुदत. तीन वर्षांतलं पहिलं वर्ष आराखडा, एथिक्स कमिटीची परवानगी, यंत्राची तपासणी यात जातं. मग रुग्ण एकेक करून येतात, कारण अटी कडक आहेत. शेवटचे सहा-आठ महिने प्रबंध लिहायला. म्हणून प्रत्येकाचा पाठपुरावा वर्षभरात थांबतो. पण पुन्हा दुखापत होण्याचा धोका खेळात परतल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त, आणि गुडघ्याची झीज तर दहा-वीस वर्षांनी समोर येते. मला जे सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय ते फेलोशिपच्या मुदतीत बसतच नाही. डेलावेअर-ऑस्लोचा तो आकडा हाती आला कारण दोन संस्थांनी तीच माणसं धरून ठेवली, महिन्यामागून महिना. पीएच.डी.ला निधी देणाऱ्यांनी प्रबंध सादर झाल्यावरही त्याच रुग्णांना महिन्याला एक फोन आणि वर्षाला एक ताकदीची चाचणी एवढ्यासाठी थोडी रक्कम वेगळी काढली, तर पुढचा विद्यार्थी तिथून काम उचलू शकेल. आत्ता मॅडम गेल्या की आमच्या गुडघ्यांची फाइल बंद. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेळापत्रकासाठी आणि प्रवासखर्चासाठी. माझा शेवटचा आकडा आधीच्या चांगल्या पायाच्या तुलनेत ९४ आला, मी दहाव्या महिन्यानंतर खेळायला लागले आणि गुडघा नीट आहे. माझ्या गटाची पद्धत दुसऱ्यापेक्षा सरस ठरते का, हे सगळ्यांची मोजमापं हाती आल्यावरच ठरेल, आणि एकट्या माझ्या गुडघ्यावरून कुणी ते ठरवू नये.

ज्यांना स्पर्धेची तारीख गाठायची घाई आहे त्यांनी इथे जाऊ नये, दोन्हीकडे मनस्ताप होईल. फार लांब राहणाऱ्यांनीही विचार करावा. बाकी कुणाच्या जवळच्या विद्यापीठात किंवा शिक्षण रुग्णालयात असा अभ्यास चालू असेल तर जरूर विचारा. चार गोष्टी आधी विचारून घ्या. दोन्ही पायांची ताकद ऑपरेशनच्या आधी मोजणार का, खेळायला सोडताना कोणते निकष लावणार, अभ्यास संपल्यावर माझी मोजमापं मला मिळतील का, आणि मध्येच सोडलं तर उपचार चालू राहतील का. पहिल्यांदाच एसीएल तुटलेल्यांनाच ते घेतात, दुसरं लिगामेंटही फाटलं असेल तर घेत नाहीत. आणि जायचं ते ऑपरेशनची तारीख पडण्याच्या आधी. टाके पडल्यावर गेलात तर चांगल्या पायाचा तो आधीचा आकडा मिळत नाही, आणि अशांची नावं ते नोंदवत नाहीत.